आईचं सगळं करताना स्वतः आनंदात राहता येतं का?

ताई, तुम्ही थोडक्यात लिहिलंय, पण त्यात बरंच आलंय. वय ४९, साताऱ्यात बँकेत नोकरी, लग्न केलेलं नाही. ७६ वर्षांच्या आईला अल्झायमर्स, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार आहे, निदान होऊन तीन वर्षं झाली. दिवसा आईला सांभाळायला कामाच्या मावशी असतात, त्या संध्याकाळी सहाला गेल्या की सकाळपर्यंत सगळं तुमच्यावर. एक भाऊ पुण्यात, एक बंगळुरूला. आणि शेवटी प्रश्न : "सगळे म्हणतात, आईची सेवा आनंदाने कर. मला आईला सोडायचं नाही, पण आनंद होत नाही हे खरं आहे. परवा मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात पोट धरून हसले आणि परतताना रिक्षात रडू आलं. अशात आनंदी राहायचं तरी कसं?"

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारामुळे माणसाची रोजची कामं अडली, म्हणजे आंघोळ, जेवण, कपडे घालणं, वेळ घालवणं, की ती त्याच घरात, त्याच माणसांत पुन्हा कशी बसवायची हे बघणं माझं काम. बरीच वर्षं मी स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरी जाते. जाते रुग्णासाठी, पण निम्म्याहून जास्त बोलणं होतं ते त्यांचं करणाऱ्या मुलीशी, सुनेशी, बायकोशी. कधीकधी मुलाशी. त्या अनुभवावरून लिहितेय.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. "आईची सेवा आनंदाने कशी करू" हा एक, आणि "आईचं करत असताना माझ्या वाट्याला आनंद कसा येईल" हा दुसरा. पहिला प्रश्न तुमचा नाहीच, तो पाहुण्यांचा आहे. तो सोडून द्या. रात्री दोन वाजता ओली चादर बदलताना कुणालाही आनंद होत नाही, व्हायची गरजही नाही. आईला त्या वेळी कोरडे कपडे हवेत, अंगाला गार हात लागायला नको, आणि आवाज चढायला नको. एवढं झालं की सेवा पूर्ण झाली. करताना तुमच्या मनात काय होतं याचा हिशेब कुणी मागू नये, तुम्हीही स्वतःकडे मागू नका. दुसरा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर "हो, राहता येतं" असं आहे. पण ते मनाला समजावून होत नाही. दिवसाची मांडणी बदलावी लागते.

मांडणी कशी बदलायची हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. आजार कुठल्या टप्प्यावर आहे, आई रात्री किती वेळा उठते, पैशाची ओढाताण किती आहे, तुमच्या स्वतःच्या पाठीचं, रक्तदाबाचं काय चाललंय. आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कुणी बोलत नाही : आजाराआधी आईचं आणि तुमचं कसं होतं. ज्यांचं आईशी कधी पटलंच नाही अशा मुलीही मनापासून करतात, पण त्यांना आईजवळ बसून मिळणारा आनंद कमी आणि घराबाहेरचा जास्त लागतो. तुम्ही याबद्दल काही लिहिलेलं नाही, त्यामुळे खाली जे सांगतेय त्यातलं किती कुठे लागू पडतं ते तुम्हीच ठरवा.

आधी एक तपासून बघा. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, कशातच मन लागत नाही, जेवण जात नाही, आई झोपली तरी तुम्हाला झोप येत नाही, किंवा "आमचं दोघींचं एकदमच आटोपलं तर बरं" असं मनात येतं, यातलं काही असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही लग्नात पोट धरून हसलात हे वाचून मला बरं वाटलं, कारण आनंद घेण्याची ताकद शाबूत असल्याची ती खूण आहे. पण एका लिहिलेल्या ओळीवरून मी निदान करणार नाही. शंका आली तर डॉक्टरांना दाखवा.

आता त्या रडण्याविषयी. हसणं आणि रडणं एकाच संध्याकाळी आलं म्हणून तुम्ही घाबरलात. सॅन फ्रान्सिस्कोत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुसान फोकमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एड्स झालेल्या जोडीदाराचं करणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला होता. तेव्हा या आजारावर प्रभावी औषधं नव्हती, समोरचं माणूस जाणार हे ठरलेलं होतं. अभ्यास सुरू होऊन थोडेच दिवस झाले आणि त्या पुरुषांनीच तक्रार केली, की तुम्ही आम्हाला फक्त त्रासाबद्दल विचारताय, आमच्या दिवसात बऱ्या गोष्टीही घडतात त्या का विचारत नाही? मग तोही प्रश्न घातला गेला, आणि जवळपास प्रत्येकाने काहीतरी सांगितलं. कुणी एकत्र केलेलं जेवण, कुणी मित्राचा फोन. दुःख कमी झालेलं नव्हतं. दोन्ही शेजारी शेजारी होतं. माझ्या कामात मी हे सतत बघते. आईसाठी तुमचं रडणं चालूच राहणार, कारण ती समोर असूनही थोडी थोडी जातेय. ते रडणं संपल्यावर मग हसायचं असं ठरवलंत, तर हसायची वेळच येणार नाही. रिक्षातलं रडू तुमच्या हसण्याची शिक्षा नव्हती.

पण हे सगळं पटायलाही अंगात त्राण लागतं, म्हणून झोपेवर थोडं थांबते. १९९५ साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १३ बायका निवडल्या, सगळ्या घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचं करणाऱ्या. आणि तशी जबाबदारी नसलेल्या तेवढ्याच दुसऱ्या. सगळ्यांच्या हातावर एकसारखी बारीकशी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. काळजी घेणाऱ्या बायकांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. हा थकवा रक्तामांसात उतरतो, "जरा पॉझिटिव्ह राहा" म्हटल्याने तो जात नाही. तेव्हा आई रात्री उठते ती का उठते, ते शोधा. दुपारी मावशी तिला तीन-तीन तास झोपू देतात का? मावशींना ते सोयीचं पडतं, दोष देऊ नका, पण दुपारची झोप तासाभरावर आणायला सांगा. शेवटचा चहा चारच्या आत. झोपायच्या आधी एकदा बाथरूम. आणि अल्झायमर्सची डोनेपेझिल ही गोळी रात्री घेत असेल तर काहींना त्याने झोपमोड होते, विचित्र स्वप्नं पडतात. ती सकाळी द्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून वेळ बदलू नका. आणि आई दोन दिवसांत एकाएकी बिघडली, खूप गोंधळली किंवा गुंगीतच राहिली, तर आजार वाढला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कुठलंतरी दुखणं, नवीन औषध यांनी असं होतं. लगेच दाखवलं तर बरंचसं भरूनही निघतं.

झोपेनंतर मी प्रत्येक घरात एकच विचारते : दिवसातला सगळ्यात वाईट अर्धा तास कुठला? लोकांना वाटतं सगळा दिवसच वाईट आहे. नीट विचारलं की कळतं, एक-दोन प्रसंग असे असतात की ते पुढच्या चार तासांची चव घालवतात. बहुतेक घरांत तो अर्धा तास आंघोळीचा असतो. आई नको म्हणते, ढकलते, शिव्या देते. तुमची बँकेची वेळ होत आलेली. दोघी रडवेल्या होऊन बाहेर येता, आणि तीच चिडचिड डोक्यात घेऊन तुम्ही काउंटरला बसता.

आंघोळीचं असं करून बघा. आधी आंघोळ सकाळी तुमच्याकडून काढून घ्या, मावशी आल्यावर अकरा-साडेअकराला होऊ दे. सकाळी आंघोळ झालीच पाहिजे हा आपला नियम आहे, आईच्या तब्येतीचा नाही. ती रोजही लागत नाही. एक दिवसाआड अंग पुसून घेतलं तरी चालतं, शी-शूची जागा तेवढी रोज स्वच्छ हवी. बाथरूममध्ये आधी गरम पाणी सोडून जरा ऊब येऊ द्या. प्लास्टिकची घट्ट बसणारी खुर्ची ठेवा, खाली रबरी मॅट. आईला एकदम उघडं करू नका, खांद्यावर टॉवेल राहू द्या आणि त्याच्या आतून धुवा. डोक्यावरून पाणी कधीही नको. या आजारात वरून अचानक आलेलं पाणी म्हणजे काय हेच कळत नाही, माणूस घाबरतं आणि मारायला उठतं. पायांपासून सुरुवात करा. आणि तांब्या तिच्या हातात द्या. ती तो पायावर ओतेल, पुन्हा बादलीत बुडवेल, पुन्हा ओतेल. सत्तर वर्षं केलेली ही हालचाल हाताला आठवते, आणि तांब्या आपल्या हातात आहे म्हटल्यावर आंघोळ आपण करतोय असं तिला वाटतं. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

तुमचा वाईट अर्धा तास आंघोळीचा नसेल. तो सहा वाजताचाही असू शकतो, मावशी निघाल्या की आई "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी उभी राहते तो. संध्याकाळी ही बेचैनी वाढते. अंधारून यायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, सावल्या पडल्या की भीती वाढते. "हेच तुझं घर आहे" असं समजावत बसू नका, तिला घर म्हणजे बहुधा माहेर म्हणायचं असतं. "तुझी आई केव्हाच गेली" असं तर मुळीच सांगू नका. तिला ती बातमी प्रत्येक वेळी नव्याने कळते आणि ती प्रत्येक वेळी नव्याने रडते. "जाऊया, आधी चहा घेऊ. तुमच्या घरी अंगणात काय काय होतं गं?" असं विचारा. याला खोटं बोलणं समजून काही मुली कचरतात. मला ते खोटं वाटत नाही. ती जिथे आहे तिथे तुम्ही जाताय, कारण तिला आता तुमच्याकडे येता येत नाही.

इथवरचं सगळं त्रास कमी करण्याचं झालं. आता आनंदाचं. मला घराघरांत एक गोष्ट दिसलीय. जी माणसं या काळात खरोखर टिकतात, हसतात, त्यांच्याकडे आनंदाच्या दोन वेगळ्या जागा असतात : एक रुग्णाबरोबरची आणि एक रुग्णाशिवायची. एकीवर भागत नाही. फक्त पहिली असली की माणूस घरात कोंडलं जातं, फक्त दुसरी असली की घरी परतताना पोटात गोळा येतो. तुमच्या लिहिण्यावरून तुमच्याकडे सध्या दोन्ही नाहीत. लग्नाचा तो दिवस अपवाद म्हणून मिळाला, म्हणूनच तो इतका जड गेला.

आईबरोबरची जागा शोधायची तर तिच्या हातांना विचारा. नावं, तारखा, सकाळी काय खाल्लं हे आधी जातं. हातांना लागलेली सवय आणि लहानपणी घोकून पाठ केलेलं सगळ्यात उशिरा जातं. कापूस समोर ठेवा आणि वाती वळायला सांगा. मी ज्या आजींकडे जायचे त्यातल्या एकींना मुलाचं नाव सांगता येत नव्हतं. पण कापसाचा पुंजका हातात आला की त्या आधी त्यातली सरकी आहे का ते बोटांनी चाचपून बघायच्या, मग पेळू लांबवून मांडीवर एक हात फिरवायच्या, आणि वात अशी सरळ, एकसारखी यायची की मला आजही तशी जमत नाही. शेजारी सून बसायची. तिच्या वाती लठ्ठ व्हायच्या आणि आजी त्या उचलून बाजूला काढून ठेवायच्या, काही न बोलता. दोघी हसायच्या. त्या घरात दिवसभरात बाकी काय काय व्हायचं ते मला माहीत आहे, पण ती वीस मिनिटं त्या सुनेची होती. तुमच्या आईला वाती नसतील जमत तर शेंगा सोलणं, मेथी निवडणं, धुतलेले रुमाल घडी करणं. रुमाल चुकीचे घडी झाले तर राहू द्या, तिच्यासमोर पुन्हा घडी करू नका. आई शाळा शिकलेली असेल तर पावकी, निमकी, दीडकी हे जुने पाढे म्हणून बघा. पहिली ओळ तुम्ही म्हणा आणि थांबा. बऱ्याचदा पुढची ओळ आपोआप येते, आणि तुम्हाला येत नसेल तर ती तुम्हाला शिकवायला लागते. त्या क्षणी पुन्हा ती आई असते आणि तुम्ही मुलगी. हे रोज होणार नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवशी मोबाइल बाजूला ठेवून तिथे बसा.

आईशिवायची जागा मिळवणं जास्त कठीण आहे, कारण त्यात दुसऱ्या माणसांकडे मागावं लागतं. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस मावशींना सहाऐवजी साडेआठपर्यंत थांबायला सांगा, जादा पैसे देऊन. वार ठरलेला हवा. "वेळ मिळाला की जाईन" म्हणणाऱ्या एकाही बाईला तो वेळ मिळालेला मी बघितलेला नाही. या अडीच तासांत किराणा, गॅसचं बुकिंग, औषधं आणणं असलं काही करायचं नाही. जिथे कुणीतरी तुमची वाट बघेल अशा ठिकाणी जा : भजनी मंडळ, गाण्याचा क्लास, बॅडमिंटन. साताऱ्यात तर सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढून जाणारे गट आहेत, रविवारी तासभर आईजवळ कुणी बसणार असेल तर तेही करता येईल. सुरुवातीला आई मावशींना त्रास देईल, तुमचा पाय निघणार नाही. महिनाभर रेटा, नव्या वेळेची सवय तिलाही होते. महिन्यानंतरही तितकाच त्रास असेल तर वार किंवा वेळ बदलून बघा, पण बंद करू नका.

आणि भाऊ. तुमचं लग्न झालेलं नाही म्हणून तुमचा वेळ मोकळा आहे, असं घरात न बोलता ठरून गेलं असणार. मी हे इतक्या घरांत बघितलंय की आता त्याचं नवल वाटत नाही, राग मात्र येतो. त्यात वर "मुलगी असावी तर अशी" हे कौतुक. ते ऐकायला गोड आहे, पण ज्याचं कौतुक केलं त्याला मदत करायची गरज कुणाला वाटत नाही. भावांना "जरा लक्ष द्या रे" म्हणू नका. त्यावर "हो गं" एवढंच उत्तर येतं. नेमकं मागा. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. पुण्याच्या भावाला सांगा, महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार तू साताऱ्याला येऊन आईजवळ राहायचं, आणि त्या दोन दिवसांत मी घरात नसेन. पुणं-सातारा अडीच तासांचं अंतर आहे. तो आईला उशिरा जेवायला घालेल, साडी नीट नेसवता येणार नाही म्हणून गाऊनवरच ठेवेल. ठेवू दे. तुम्ही घरात थांबून सूचना देत राहिलात तर पुढच्या महिन्यात तो येणार नाही. बंगळुरूच्या भावाने मावशींच्या जादा तासांचे पैसे द्यावेत, औषधं ऑनलाइन मागवणं आणि डॉक्टरांच्या वेळा घेणं हे काम त्याचं, आणि वर्षातून पंधरा दिवस रजा काढून यावं. आईवडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखाच लागू आहे हे तुम्हाला माहीत असू द्या, पण बोलणं तिथून सुरू करू नका. घराच्या वाटणीचा विषय तर या बोलण्यात आणूच नका, नाहीतर आईचं राहील बाजूला.

भावांनी ऐकलंच नाही तर? असंही होतं. मग ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या एल्डरलाइनवर तुमच्या जिल्ह्यात काय सोय आहे ते विचारा. अल्झायमर्सच्या रुग्णांसाठी आणि कुटुंबांसाठी एआरडीएसआय ही संस्था १९९२ पासून देशभर काम करते, त्यांच्याकडेही विचारा. देशात साठीपुढच्या दर शंभरात सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज आहे. तुमच्याच गल्लीत, तुमच्याच बँकेच्या खातेदारांत कुणाच्या तरी घरी हेच चाललं असणार. एक जरी अशी बाई सापडली जिला आठवड्यातून एकदा फोन करून "आज मी आईवर ओरडले" असं सांगता येईल आणि ती उपदेश करणार नाही, तरी तुम्हाला खूप हलकं वाटेल.

सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात दोनच गोष्टी करा : दुपारची झोप कमी करायला मावशींशी बोला, आणि वाईट अर्धा तास कुठला ते ओळखा. भावाला फोन पुढच्या आठवड्यात, नीट झोप झालेल्या दिवशी करा. आजार पुढे सरकेल तसं आज जमणारं उद्या जमेनासं होईल. वाती वळणं थांबेल, मग नुसता कापूस हातात धरणं उरेल. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी ही मांडणी पुन्हा बघावी लागते.

मला सविस्तर उत्तर देता यावं म्हणून एवढं कळवा : आई रात्री किती वेळा आणि साधारण कधी उठते, सध्या कुठली औषधं कुठल्या वेळेला चालू आहेत, बाथरूममध्ये खुर्ची बसेल एवढी जागा आहे का, आणि आजाराआधी आईचा दिवस कशात जायचा. शेवटचं जरा सावकाश, आठवून लिहा.